सहा लिंबं

परत आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं:
साप खाल्लास का?
जिन्यात विचारलं, बँकेत विचारलं,
आत्याच्या एकसष्टीला तर माइकवरून विचारलं.
मी म्हणायचे, नाही, फ्लॉवर खाल्ला.
लोकांचे चेहरे पडायचे.

निंगबोला मी अकरा महिने होते.
भोसरीच्या कंपनीने पाठवलं, साचे तपासायला.
गाडीतल्या एसीची जाळी, तिचा साचा,
त्या साच्यात केसाहून बारीक चूक.
चुका काढायचा पगार मिळत होता,
आणि मी वाढलेली पुण्यात.

इमारतीला चौथा मजला नव्हता.
तीननंतर एकदम पाच.
चार आणि मरण यांच्यात तिथे फक्त हेलाचा फरक,
हेल चुकला की माणूस गेला.
मी पाचव्यावर राहायचे, म्हणजे चौथ्यावरच,
आणि मला काही झालं नाही.
एकदा ताप आला, तेवढाच.

तेव्हा लेथवरचा लाओ च्यान आला, थर्मास घेऊन.
त्यात औषध नाही, काढा नाही. गरम पाणी.
तिकडे तापाला गरम पाणी, पोटाला गरम पाणी,
नोकरी गेली तरी आधी गरम पाणी.
उंबऱ्याच्या आत आला नाही. मोबाइल पुढे धरला,
आणि मोबाइल मराठीत बोलला:
"आदरणीय स्त्री, घाम बाहेर काढा."
तीन महिन्यांनी कानावर पडलेली मराठी ती.
मी हसले, मग पांघरूण डोक्यावर ओढलं.

तो रोज सकाळी विचारायचा, जेवलीस का?
घड्याळात साडेसात.
तो तिथला नमस्कार, त्याला उत्तर नसतं.
मला कुठे माहीत?
मी महिनाभर खरं खरं सांगत राहिले,
तोडक्यामोडक्यात, खुणांनी:
भात खाल्ला, मीठ कमी होतं, दाण्याचं कूट संपलं.
त्याने रोज शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
आमच्याकडे विचारतात, जेवूनच आला असाल?
त्यालाही उत्तर नसतं.

आकडे त्याने हातावर शिकवले.
पाचपर्यंत आपल्यासारखंच.
सहाला अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन बोटं मिटलेली.
पहिल्यांदा वाटलं, हा प्यायला बोलावतोय.
मी कॅलिपर टेबलावर आपटला.
तो बिचारा घाबरून पुन्हा पुन्हा तेच दाखवत राहिला.
सहा नग नापास झाले होते,
एवढंच त्याचं म्हणणं.

संध्याकाळी नदीकाठी बायका स्पीकर लावून नाचायच्या.
रविवारी मी शेवटच्या रांगेत उभी राहायचे,
पाय चुकायचे.
कुणी वळून पाहिलं नाही.
त्याचं बरं वाटायचं,
आणि खोलीवर आलं की त्याचंच रडू यायचं.

फोनमध्ये अजून दोन गावांचं हवामान आहे.
तिथे आज एकोणीस, भुरभुर.
हे कुणाला सांगू?

कर्वेनगरला कमानीपाशी खुटवड मावशी बसतात.
मागून हॉर्न, पुढून हॉर्न. किती लिंबं देऊ?
माझा हात आपोआप वर गेला: अंगठा, करंगळी.
"फोन कुणाला करायचाय?" मावशी म्हणाल्या.
मी सांगितलं, हे सहा.
"सरळ दोन हातांनी दाखवावेत की."
दुसऱ्या हातात पिशवी असते ना मावशी.
"हं," म्हणाल्या, आणि कोथिंबिरीवर पाणी मारत बसल्या.

परवा मी रस्त्यापलीकडे होते.
मध्ये पीएमटी, टेम्पो, दुभाजकावर चढलेली स्कूटर.
पीएमटी हलली तेव्हा दिसलं,
मावशींचा हात वर.
अंगठा, करंगळी.
दुसऱ्या हातात तराजू.

मी मान हलवली.
जाईपर्यंत कागदात बांधून तयार होती.
सवयीने मोजली.
सहाच होती.