उलटा र

दुसरी पाळी सुटून मच्छेला पोचेपर्यंत
साडेबारा होतात.
रेणू झोपलेली असते, पाटी उशाशी,
पाटीवर तिचं नाव:
र उलटा, ण उलटा,
मात्रा तेवढी बरोबर दिशेला कललेली.

‘महिना झाला, हेच करूलीय,’
ही म्हणते, ताटावरचं झाकण काढत.
‘हात धरून गिरवून घेतलं,
ओरडले, परवा एक चापटही दिली.
डोळे दाखवूया काय ओ?’

मी भाकरी मोडतो.
नखांतली काळी वाळू साबणाला जुमानत नाही.
एकोणीस वर्षं उद्यमबागेत मोल्डिंगला आहे.
पंपाच्या झाकणावरचं कंपनीचं नाव
आधी वाळूत उमटतं
आणि वाळूत ते उलटंच दिसतं.
नवीन पोरगं दरवेळी दचकतं,
‘मिस्त्री, चुकलं की ओ हे!’
आम्ही हसतो.
थांब म्हणतो, लोखंड ओतू दे,
निवू दे.

हे सगळं हिला सांगितलं नाही.
ताट सारलं, म्हटलं, ‘राहू दे. लिहू दे तिला.’

रविवारी
डब्यातून आणलेली वाळू चाळून
परातीत पसरली.
रेणूनं आधी नाक लावलं.
‘बाबा, तुझा वास येऊलाय.’
मग बोट बुडवलं, खांद्यापासून हात फिरवला,
एवढा मोठा र
की परातीबाहेर सांडला.
हलवलं, पुसलं. पुन्हा.
पाटीवर खोडलेलं दिसत राहतं,
वाळू काही लक्षात ठेवत नाही.

पेपर मागायला आलेले इराप्पा मामा,
बसचे रिटायर कंडक्टर,
उकिडवे बसले न बोलावता.
‘आता आमचा बघ. गोल कर, वाटीसारखा,
डोक्यावर हा एवढासा तुरा. झाला र.’
‘हा पण र?’
‘हा पण र.’
ती बराच वेळ बघत राहिली.
‘मग ह्याची रेघ कुठाय?’
आणि कानडी र वर तिनं
या कडेपासून त्या कडेपर्यंत
लांबलचक रेघ ओढली.
मामांना हसून ठसका लागला.
‘शाळेत अक्कोरू रागावतील बरं,’ म्हणाले,
पण पुसली नाही.

‘आता तू.’
मी. पगाराच्या कागदावर सही सोडली
तर कधी काय लिहितो मी?
सावकाश लिहिलं, रेणू,
णू चा उकार नीट खाली ओढून.
मान वाकडी करून तिनं पाहिलं,
समोरच्या बाजूने.
‘बाबा, तुझं उलटं आलंय.’
‘असं?’
‘हो. थांब.’
उठली, परातीला वळसा घालून आली,
माझ्या मांडीवर बसली, वाचलं.
‘आता बरोबर झालं.’

सोमवारी रात्री पाटी पाहिली.
र वळलाय.
ण अजून भिंतीकडे तोंड करून.