पावशेर

तांबट आळीत चाळीस वर्षं ठोके देता देता
कान गेले.
सून हाक मारते, ती ओठांवरून कळते.

तो मात्र ऐकू येतो.
मोठा आवाज नाही त्याचा;
पहाटे गंगेत कुणी कळशी बुडवावी,
तेवढाच.

परवा म्हणाला,
अनसूयाबाईंचं घंगाळ पावशेर कमी भरलं होतं,
पैसे पुरते घेतलेस.
मी म्हटलं, देवा, बाई गेल्या,
घंगाळही मोडीत गेलं असेल.
तो गप्प.

तीन दिवस गप्प.
एवढी शांतता
मी बहिरा झालो तेव्हाही नव्हती.

चौथ्या दिवशी टोपी घातली,
खिशात पैसे.
बाईंचा मुलगा सिडकोत असतो,
एवढंच ठाऊक.
नातवाच्या मागे स्कूटरवर बसलो.

गाडी सुरू झाली,
हादऱ्यावरून कळलं.