मुंजीवर संपणारा सिनेमा

पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार
रामबागेच्या गल्लीत शिरला की आम्ही समजायचो,
थंडी उज्जैनपर्यंत आली.
गाद्या उसवल्या जायच्या, अंगणभर कापूस.
हेमू त्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून म्हणायचा,
बघ, बर्फ.

बर्फ आम्ही एकाच सिनेमात पाहिला होता.

दिवाळीच्या सुट्टीत, मग नाताळात,
मग संक्रांतीच्या आधल्या रविवारी
पारस भियाच्या दुकानातून तीच कॅसेट यायची.
नाव नव्हतंच तिच्यावर,
नुसतं ‘पहाडी, रंगीत’, त्याच्या तिरक्या अक्षरात.
व्हीसीआर भाड्याचा, वर्गणी चार बिऱ्हाडांची,
सतरंजी मोघ्यांची, मटार आमचे.
बायका अंधारात शेंगा सोलत बसायच्या;
रडण्याचा प्रसंग आला
की परातीतली टपटप थांबायची,
आणि सकाळी दाण्यांत सालं निघायची,
सालांत दाणे.

लाकडी बंगला. लाल मफलरची मुलगी.
आगगाडीने गेलेला कुणी एक.
रोज संध्याकाळी ती खिडकीत कंदील ठेवायची
आणि आमच्याकडे कुणीतरी रजई ओढायचं,
पायांची अदलाबदल व्हायची,
कुणाचे गार, कुणाचे कोमट, कळायचं नाही.
शेवटी धुक्यातून शिट्टी.
ती वळायची.
चेहऱ्यावर उजेड पडणार, इतक्यात
पडदाभर मुंग्या
आणि ओल्या केसांचा एक मुलगा
आईच्या ताटात जेवताना.

शेवट पुसून कुणीतरी त्यावर मुंज भरली होती.

पहिल्या वर्षी मोघेकाका
कॅसेट काखेत मारून भांडायला निघाले,
फाटकापर्यंत गेले,
कानटोपी विसरली म्हणून परत आले ते आलेच.
दुसऱ्या वर्षी कुणी उठलं नाही.
तिसऱ्या वर्षापासून तर आम्ही थांबायचो त्या मुलासाठी.
डावी भुवई मधोमध तुटलेली,
कानात नवी भिकबाळी, ती सारखी चाचपणार.
आई जांभळ्या शालूत. घास भरवता भरवता
तिचा हात मध्येच हवेत राहायचा.
मागून कुणी ओरडायचं, इकडे बघ रे, कॅमेऱ्यात!
आणि तो बघायचा
थेट आमच्याकडे.

प्रमिला आत्या, जी एरवी सिनेमात झोपायची,
तेवढ्यापुरती जागी व्हायची.
‘घे रे, लाडू घे अजून एक,’ टीव्हीला सांगायची.
मी विचारलं होतं तिला,
तो आगगाडीतला परत आला का गं?
ती म्हणाली, आला की.
जेवतोय बघ.

न्हावी वस्तरा परजत यायचा
आणि टेप संपायची.

गेल्या डिसेंबरात सराफ्यात, रात्री अकराला,
गराडूच्या कढईसमोर रांगेत
माझ्या पुढे एक जण. मफलर, चष्मा,
न्हाव्याचं अर्धं राहिलेलं काम
वयाने पुरं केलेलं.
गाडीवाल्याने हाक मारली म्हणून वळला,
आणि डावी भुवई
मधोमध तुटलेली.

काय सांगणार होते मी?
अकरा हिवाळे तुम्हाला जेवताना बघितलंय?
तुमच्या आईचा शालू
आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे?
तोंडातून नुसतं ‘अगंबाई’ निघालं.
त्याला वाटलं वाफेने चटका बसला.
‘जरा मागे व्हा,’ म्हणाला मराठीत,
‘तेल उडतंय.’

घरी येऊन हेमूला फोन लावला.
तो राहतो तिकडे खरा बर्फ पडतो,
सकाळी फावड्याने उपसतो आणि शिव्या देतो.
ऐकून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आई होती का बरोबर?

नव्हती.
पण दोन पुडे बांधून घेतले त्याने.
म्हणाला, एकात जीरावण कमी घाल, भिया,
आणि जरा मऊ बघून दे.