चौरस फुटाचा भाव

नावेद मिस्त्री हिंगणघाटहून आला तेव्हा
गाडीच्या मागं नमुन्याच्या पाच फळ्या बांधलेल्या.
एकीवर रवाळ दाणा,
एकीवर उधळी चालून गेल्यासारख्या रेघा,
एक अगदी संत्र्याची साल.
"सिमेंटचा काम नाही भाभी, हा केमिकलचा माल हाये.
आता तालुक्याले सगळे हेच लावून रायले."

टेपचं दुसरं टोक मलाच धरायला लावलं.
समोरची भिंत बावीस बाय अकरा.
खिडकीवरून टेप न थांबता पुढं गेली.
"खिडकी वजा कर नं बापा."
"खिडकी वजा होत नाही. कडा काढाले उलट मेहनत जास्त."
म्हणजे जिथं भिंतच नाही
तिथले पंधराशे वीस.

एका लग्नपत्रिकेच्या मागं त्यानं मांडलं :
पंच्याण्णव रुपये फूट,
भेगा भरायचे वेगळे, पायाडाचे चार हजार,
दोन पोरांचा दुपारचा डबा माझ्याकडं.
"पाणी आत शिरत नाही, लिहून देतो."
आणि शिरलंच तर?
तो पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला,
"मंग बाहेर नाही निघत.
आतल्या आत भिंत सडते, वरून चकाचक दिसते."
हे त्यानं पत्रिकेवर लिहिलं नाही.

उगवतीची भिंत चौतीस फूट.
तिचं माप त्यानं आमच्या गच्चीवरून टेप सोडून घेतलं,
कारण तिचा पाय भास्करभाऊंच्या अंगणात.
एका वितीवरून दोघा भावांचं बोलणं तुटलं
तेव्हा गवंडीसुद्धा तिकडं उतरला नव्हता.
विटा तशाच राहिल्या, उघड्या,
सांध्यातून ओघळलेला माल तसाच वाळलेला असेल.
असेल म्हणते,
कारण नऊ वर्षांत मी माझ्या घराची ती भिंत पाहिली नाही.

हे म्हणाले, "समोरचीच कर. तेवीस हजारात भागते.
बाजूची कोन पाह्यते?"
वच्छला पाह्यते, मी म्हटलं.
रोज सकाळी, दात घासताना.

दोन फळ्या पदराखाली घेऊन गेले.
फाटक नव्हतंच, तरी फाटकाशी थांबल्यासारखी थांबले.
ती कणीक मळत होती. उठली नाही.
"पायाड लावावं लागते," मी म्हटलं,
"चार दिवस. तुमच्या अंगनात."
तिनं भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाटीकडं पाहिलं,
मग भिंतीकडं, मग मी पण पाहिलं.
लाल, खडबडीत, पावसानं काळवंडलेली.
मधोमध एक खिळा, त्याला त्यांचं सूप.

"पिप्पय उगवते तिथं," ती म्हणाली,
"त्या वरच्या फटीत. दरसाली उपटतो.
एकदा तं शिडी लावून गेली मी.
मूय आत गेलं असतं तं गेली असती तुमची भित."

मला काय बोलावं सुचेना.
पत्रिकेवर यासाठी रकाना नव्हता.

"रंग कोनता देता?" तिनंच विचारलं.
तुमालेच पाहाचा हाये रोज, तुमी सांगा.
कणकेचं बोट तिनं दाण्याच्या फळीवरून फिरवलं,
दुसरीकडं पाहिलंही नाही.
"हे धूळ धरते," म्हणाली. मग थोड्या वेळानं,
"पन हेच बरं. अन् भाव किती सांगतला?"
पंच्याण्णव.
"लुटते तो मेला. माह्या भावानं वडनेरले पंच्याऐंशीत केलं.
त्याले म्हना, खिडकी वजा कर."

परत येताना फळी पुसली नाही.
रात्री हे गच्चीवर पडून
सहाशे सोळाला दहानं गुणत होते,
आणि पलीकडं कोणीतरी
अंधारातच पऱ्हाटी हलवत होतं.