राळ

एकतीस वर्षं मी दोन व्हायोलिनं
दहा बोटांत कोंबत आले आहे,
तळघरातल्या स्टुडिओत, त्या पियानोवर
ज्याची एक पट्टी दमट हवेत खाली गेली
की हातानं उचलावी लागते.

संगीत टेकडीवर. नाच खाली,
तंबाखूच्या जुन्या गोदामात.
मधे एकशे बारा पायऱ्या आणि पाइनची झाडं.
जुलैत विटांना अजून गोडसर, करपट वास सुटतो,
नव्या मुली कुजबुजतात : इथे ओढतं कोण?

वरचे म्हणतात : लार्गो, आलेग्रो.
खालचे म्हणतात : आणि पाच, सहा, सात, आठ.
मला दोन्ही बोली येतात.
पगार खालच्या बोलीत मिळतो, म्हणजे थोडा.

मार्लिस कॉनराड गुरुवारी खाली उतरली,
पेटी पोटाशी धरून, आजारी मांजर आणल्यासारखी.
बापाचं टायरचं दुकान, लेक वाद्यवृंदात कायम दुसरी.
"सुरुवात मीच करते," म्हणाली, "पण लक्षात ती राहते."
तिला विचारायचं होतं, लार्गो नक्की किती संथ.
मला नको विचारूस, मी म्हटलं,
त्यांच्या घोट्यांना विचार.

कोपऱ्यात एक उथळ लाकडी खोका असतो.
डेल्फीन यारब्रो त्यात उभी राहून
बुटाच्या टोकानं पिवळे खडे चुरत होती.
"अगं, ही तर राळ! आमची!"
डेल्फीननं वर पाहिलंही नाही.
"पाय घसरू नये म्हणून."
"गज घसरू नये म्हणून," मार्लिस पुटपुटली
आणि बाकावर टेकली.

मी वाजवू लागले.
एक व्हायोलिन बोललं की एक मुलगी सरकायची,
दुसरं तिला तोडून बोललं की डेल्फीन.
तीनशे वर्षांपूर्वी कुणी चर्चच्या थंडीत
शाईत बोटं काळी करून लिहिलेलं हे भांडण,
आणि इथे त्याला गुडघे फुटलेले.

लार्गोत एक पुरुष येतो, पहिलीला उचलतो,
आणि डेल्फीन विंगेत जाते.
मार्लिसला पान उलटेपर्यंतही दम निघाला नाही.
"पण मी तर वाजवतेय ना अजून!
मग माझे स्वर आता कुणाच्या अंगात आहेत?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

डेल्फीन पडद्याआड पोटऱ्या चोळत होती.
"कुठे जाणार? माझ्याच.
तू वाजवतेस तितका वेळ मी श्वास मोजते.
एक चुकला, तर परत आत शिरता येत नाही."

दोन महिने दोघी एकाच ओळीवर राबत होत्या,
आणि कँटीनच्या रांगेत, सूपसाठी,
एकमेकींना कोपरानं ढकलत होत्या.

उद्या रंगमंचाखाली खराखुरा वाद्यवृंद बसेल.
माझं काम संपलं. दर वसंतात संपतं.
झाकण लावलं, रुसलेली पट्टी खालीच राहू दिली.
पायऱ्या चढताना, नव्वदाव्या की एक्क्याण्णवाव्या,
माझा बूट किंचित चिकटला, सुटला.
पुन्हा चिकटला.
वर कुणीतरी गज ओढून पाहत होतं.