खाडाखोड

कीथलीच्या वर्थ व्हॅली रोव्हर्सने मला बोलावलं
ते नुसत्या पावत्या तपासायला:
मटण-पायची विक्री, गवत कापायच्या यंत्राचं डिझेल,
रेफ्रीचं मानधन, तेही दोनदा नोंदलेलं.

पावत्यांच्या खाली निघाली
नेव्हिल ॲक्रॉइडची लांबोडकी वही.
तांबड्या रेघा, एकेचाळीस हंगाम.
डावीकडे केलेले गोल, उजवीकडे खाल्लेले,
आणि उरलेल्या बोटभर जागेत
त्याला जे काही सांगायचं असेल ते:

घरी. १–०. ऊन!
बाहेर. ०–३. गोलकीपरचं कालच लग्न झालं.
घरी. २–२. ऑड्रीचा दात काढला.
बाहेर. १–४. पण तो एक...
घरी. ०–५.
पाऊस.

एका ओळीवर मी अडले.
'धुकं. त्रेसष्टावं मिनिट. आपण २–१. थांबवला.'
तो सामना महिन्याभराने पुन्हा झाला, ०–१ हरले.
लीगच्या दप्तरात तेवढाच आहे.
नेव्हिलने दोन्ही ठेवलेत,
एकाखाली एक, भांडलेल्या भावांसारखे.

शेवटचं पान भरायचं राहिलेलं.
त्या वर्षी संघ पहिल्यांदाच सगळ्यांच्या वर,
अकरा गुणांनी.
'७ मार्च २०२०. घरी. ४–०. ऑड्री असती तर.'
मग साथ आली. लीगचं पत्र आलं:
हंगाम रद्दबातल, निकाल धरले जाणार नाहीत.
ते पत्र वहीत आहे, घडीसुद्धा न मोडलेलं.
एप्रिलमध्ये नेव्हिल गेला, सचिव डेनिस म्हणाली,
आणि किटलीकडे वळली.

माझे वडील इचलकरंजीत सूतवाल्याकडे दिवाणजी.
मागांच्या खडखडाटात ओरडून शिकवायचे:
पोरी, खोडायचं नाही कधी!
चुकलं तर उलटी नोंद कर,
पण झालेलं झालं, ते दिसलं पाहिजे.
इथले माग कधीच थांबलेत, गिरणीत आता फ्लॅट आहेत,
तरी ती ओरड मला ऐकू आली.

म्हणून बेरीज केली. कुणी सांगितली नव्हती.
लीगच्या हिशेबाने गोल फरक वजा दोनशे सहा.
धुक्यातला एक धरला, वजा दोनशे पाच.
रद्द हंगामाचे एकोणपन्नास धरले,
वजा एकशे छप्पन्न.
तोटाच. चाळीस वर्षं थंडीत उभं राहून
निव्वळ तोटा.

बिलाचं विचारलं डेनिसने. म्हटलं, पावत्यांचं पाठवते.
वही मात्र पिशवीत घातली, विचारून.

शनिवारी गेले. अठ्ठ्याण्णव माणसं, दोन कुत्री,
डोंगरावरून आडवा येणारा वारा.
लाल जर्सीतला आपला कोणता
हे कळायला मला वीस मिनिटं लागली.
तो कुंपणाबाहेर मारत होता, सारखा.

घरी येऊन नवं पान उघडलं.
वर लिहिलं, मागील पानावरून पुढे.
खाली:
घरी. ०–२.
मोजे ओले. पाय बरा होता, मिरी जास्त.