खोगीर

चारशे एक पेट्या आहेत. मोजून घ्या.
गेल्या हिवाळ्यात पत्रा उडाला, तेव्हा
पहिल्या रांगेवरचे आकडे धुऊन गेले,
पण ते मला पाठ आहेत.
टोरोंटोहून एवढ्या लांब आलात, आधी बूट बदला.
ओढ्याकाठची ती करडी वाळू, वाळू नव्हे,
गिरणीतून निघालेला दगड आहे. त्यात आर्सेनिक आहे,
आणि क्रॅनबेरी तिथेच सगळ्यात लालचुटूक पिकतात.
आम्ही तोडत नाही. पाहुणे तोडतात.

हा खडक मुळात नोव्हा स्कोशियाचा नव्हेच.
आफ्रिकेच्या काठचा गाळ हा,
वाळू, मग चिखल, मग पुन्हा वाळू.
दोन खंड एकमेकांवर चालून आले,
आणि माघारी फिरताना एक जण
आपला पदर इथेच विसरला.
दाबाने घड्या पडल्या. चिखलाची पाटी झाली.
घडीच्या माथ्यावर, थर जिथे एकमेकांना सोडतात,
तिथे ऊन पाणी शिरलं, पांढरी गार साकळली.
तिला खोगीर म्हणतात. एकाखाली एक, खोल, आणखी खोल.
घोडा कुणी पाहिलेला नाही.

मूसच्या मागावरचा एक शिकारी ओढ्यावर पाणी प्यायला वाकला
आणि उठलाच नाही, असं सांगतात.
म्हणजे उठला, पण शिकारी म्हणून नव्हे.
त्याला वाट दाखवणाऱ्या मिग्मॉ माणसाने
ती पिवळी चमक आधीच पाहिली असणार.
त्याला मूस हवा होता.
त्याचं नाव कुठल्याच नोंदीत नाही.

वर्षभरात तीनशे माणसं, दोन गुत्ते, एक चर्च.
लोखंडी मुसळं रात्रंदिवस कांडायची,
रविवारी थांबली की तान्ही मुलं दचकून जागी व्हायची.
कांडलेल्या पिठावर पारा ओतायचा, मग पारा उडवायचा.
तो उडून कुठे जातो हे एनॉस कॉर्कमला विचारायला हवं होतं.
पुढे त्याला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

मग होकायंत्र घेऊन सर्वेयर आला,
खड्ड्यांचे ठिपके जोडत त्याने कमान काढली.
म्हणाला, एक खोगीर संपलं तर रडू नका, खाली खणा.
खणलं. दुसरं मिळालं.
तिसऱ्यापाशी पंपांनी हात टेकले.
मंदीच्या वर्षांत माझा बाप, ओबेड हिल्ट्झ, त्याच पाण्यात उतरला.
घण बसला की दगडाला लसणीचा वास यायचा.
लसूण आली की सोनं जवळ, म्हणायचा.
आमच्या घरात लसूण कधी शिजली नाही.

सत्त्याऐंशीत ड्रिल आलं, आणि पेट्या भरायला मी.
भोक क्रमांक चौदा, एकसष्ट मीटरवर
जवसाएवढा दाणा. भिंगाशिवाय दिसणारा.
मी एकच ओळ लिहिली. मुख्य कचेरीने
तिच्यावर चाळीस पानं चढवली, निव्वळ खोगीरभरती.
अकरा सेंटांचा शेअर आठवड्यात दोन डॉलर झाला.
दोन मीटर सोडून पुन्हा भोक पाडलं: पांढरं.
पलीकडे आणखी एक: पांढरं.
दगड खोटं बोलला नव्हता. मीही नाही.
दाणा होता. एकच होता.
आणि आम्ही नेमकं त्याच्यावरच भोक पाडलं होतं.

हो, चौदा नंबरच्या पेटीत चार इंचांची फट आहे.
तुमच्या नजरेला पडणारच होती.
अर्धा तुकडा प्रयोगशाळेत गेला, अर्धा मी नेला,
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, कोटाच्या खिशात.
बापाने तीस वर्षं सोनं उपसलं,
पाळी सुटली की बूट झाडून दाखवायचे, नखंसुद्धा,
आणि हातात धरलेलं कधीच नव्हतं.
त्याने आधी तो चाटला, ओला दगड नीट दिसतो म्हणून.
मग खिडकीकडे धरला.
बराच वेळ काही बोलला नाही.
म्हणाला, खारट आहे.

कुठे आहे ते नकाशावर लिहिलेलं नाही.
तुमचं भोक कुठे घेणार आहात?